कॅसेट अडकली नव्हती

प्रिय भोंग्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझी आई ठणठणीत आहे, माझ्यावर ओरडण्याइतकी तर नक्कीच. फोन केला असता, पण आपला फोन म्हणजे तू ‘हॅलो’ म्हणायचं आणि मी तो तुझ्या आईच्या हातात कोंबायचा. कागदावर माझी जीभ अडखळत नाही, म्हणून हा उद्योग.

तुमच्या गाण्याला इतकी वर्षं झाली म्हणून सगळे पुन्हा एकत्र येऊन वाजवणार आहात, हे पेपरात वाचलं. फोटोत ट्रॉम्बोनवाल्याचं टक्कल काय चमकतंय! त्याचं ते दाट जंगल मीच कापायचो. ‘मला बाई वाईटच वाटलं,’ असं तुझी आई म्हणाली. मला हसू आलं. दुकानाच्या सुट्टीला, सोमवारी, शटर अर्धं ओढून तुम्ही आत केवढा धुडगूस घालायचात. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ड्रम आणि तुझी ती गिटार. ठोका पडतो तिथे गप्प बसायचं आणि दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत च्यक् करून वाजवायचं, याला स्का म्हणतात, आणि त्याला पंकचा वेग दिला की झालं, असं तू मला समजावलं होतंस. मला वाटलं, या पोरांना वेळेवर वाजवता येत नाही आणि त्यालाच यांनी नाव दिलंय.

पण गाणं चाललं की रे. ‘ह-ह-ह-हलू नका!’ असं तू ओरडतोस आणि अख्खं मैदान उड्या मारायला लागतं. लग्नांत वाजलं, मॅचला वाजलं, गोंदाच्या जाहिरातीतसुद्धा वाजलं. पोरं मोर्चात पोलिसांसमोर बसून तेच म्हणाली, तेव्हा एका प्राध्यापकांनी लिहिलं की हे हुकूमशाहीवर ओढलेले कोरडे आहेत. अहो, कसली हुकूमशाही! गिऱ्हाइकाच्या कानामागून वस्तरा फिरवताना मी त्याला ‘हलू नका’ म्हणत होतो.

तुला वाटतं, मला कळलं नाही. मला गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं. शब्द घशात अडकला की मी खुर्चीच्या लोखंडी पायरीवर बूट आपटतो, ठक ठक, आणि मग तो बाहेर पडतो. तुमचा ड्रमवाला ‘हलू नका’च्या आधी अगदी तसंच आपटतो. माझा बूट मला ओळखू येणार नाही होय? रेडिओवर गाणं लागलं की मी आवाज कमी करायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, राहू द्या की, झकास आहे. तोंडाला फेस लावलेला माणूस मिटल्या डोळ्यांनी ‘ह-ह-ह’ करत गुणगुणायचा आणि मी आरशाकडे बघायचं टाळायचो.

मग टीव्हीवर मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तुला विचारलं, हे सुचलं कुठून. तू हसत सांगितलंस, कॅसेट अडकली होती. दुकानात सगळे हसले, मीही हसलो. तू माझी लाज झाकलीस, की माझी लाज वाटली म्हणून मलाच झाकलंस, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. रागावलेलो नाही रे. गाणं चांगलंच आहे. आंघोळ करताना मीही ते म्हणतो, हवं तर आईला विचार. गंमत म्हणजे गाताना मी अडखळत नाही, तो ‘ह-ह-ह’ मला मुद्दाम काढावा लागतो.

कमी बोलतो म्हणून गिऱ्हाइकं माझ्यावर खूश. डोकं खात नाही, फक्त केस कापतो, अशी माझी ख्याती आहे. सूनबाईलाही वाटतं, सासरे स्वभावानं शांत आहेत. शांत कसला, मी भित्रा आहे. भिंगरीसमोर तर मी हं आणि उंहू यांच्या पलीकडे जात नाही. तिच्या लेखी आजोबा म्हणजे खिशातून गोळी काढून देणारा एक मुका माणूस.

आता मुद्द्याचं सांगतो. मागच्या आठवड्यात तू तालमीत होतास, तेव्हा सूनबाई भिंगरीला केस कापायला माझ्याकडे सोडून गेली. पोरगी शाळेत तोंड उघडत नाही हे तुला ठाऊक आहे, पण का उघडत नाही ते ठाऊक नसेल. ती बोलताना अडखळली की वर्गातली पोरं तुझं गाणं म्हणतात, बाकं बडवून, त्या ठक ठकसकट, हे त्या दिवशी मला तिच्याच तोंडून कळलं. खुर्चीवर फळी टाकून बसवलं होतं तिला. आरशातून माझ्याकडे बघत तिनं विचारलं, बाबांनी ते गाणं माझ्यावर केलंय का? केवढी धडपड झाली तिची एवढंसं विचारताना! गाणं तिच्या जन्माच्या आधीचं, पण तिला कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. नाही गं बाळा, ते माझ्यावर आहे, मीही तुझ्यासारखाच आहे, एवढंच. पण बोललो असतो तर अडखळलो असतो, आणि मागे गिऱ्हाइकं बसली होती. मी मान हलवली, तीही अशी की हो का नाही ते कळू नये, आणि तिच्या हातात कंगवा दिला. एवढ्याशा पोरीसमोर मी शेपूट घातली, भोंग्या. तेव्हापासून घास गोड लागत नाही. म्हणून रविवारी, ऐन गर्दीच्या दिवशी, दुकान बंद ठेवून मी तुमच्याकडे येतोय. तिच्याशी बोलणार आहे, तोंडानं, तुम्हा सगळ्यांसमोर. तू फक्त एक कर. मी अडकलो तर घाईघाईनं माझा शब्द पुरा करू नकोस आणि नजर दुसरीकडे वळवू नकोस. किती वेळ लागतो ते तिला बघू दे, आणि तरी शेवटी शब्द येतो, तेही बघू दे.

तुझाच, आणि तिचाही,
बाबा