दारावरचा हिरवा दिवा

३ जून, सोमवार
धुळ्याहून फोन. केळी पिकवायच्या खोलीत तिथला कामगार तोताराम बेशुद्ध पडला. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पूजा करून सुरू केलेली खोली, महिना होत नाही तोच हे! आत साचलेला वायू बाहेर काढणारा पंखा बंद — आणि दारावर आमच्या कंपनीने बसवलेला दिवा हिरवा. म्हणजे खुशाल आत या! शेजारच्या हमालाने ओढून काढलं म्हणून वाचला.

४ जून
सकाळीच जळगावहून निघून दवाखान्यात गेले. तोताराम पडल्या पडल्या म्हणाला, "हिरवा दिवा व्हता ताई, म्हनीसन मी मझार गऊ." दिवा बघूनच आत गेला होता तो. त्याची बायको ताईबाई माझ्याकडे न बघता त्याचे पाय चोळत राहिली. ते जास्त लागलं.

परत येऊन कोड उघडला. पंख्याचा ड्रायव्हर, म्हणजे पंखा चालवणारा प्रोग्राम, माझ्या हाताखालच्या हसीबचा. पंखा सुरू करणारं फंक्शन शून्य परत देतं — सुरू झाला. उणे आकडा देतं — नाही झाला. इतकं सोपं! आणि तो आकडा कुठे बघितलेलाच नाही. हुकूम सोडला की लगेच हिरवा दिवा, पंखा फिरो न फिरो. कॉलेजातली पोरंसुद्धा असं करत नाहीत. डोकं फिरलंय माझं!

५ जून
हसीबला सगळ्यांसमोर झापलं. परत आलेला आकडा तपासायला काय होतं रे तुला? तो म्हणाला, "मॅडम, ते मी तर —" पुढचं ऐकलंच नाही मी. ऐकायचं काय त्यात? माणूस मेला असता! आमच्या मालकांना, रुपचंदशेठना, सरळ सांगितलं — एक तर तो राहील, नाहीतर मी.

शेठनी आधी विचारलं, नक्की ना? मग बरं म्हणाले.

६ जून
हसीब गेला. डबा उचलला आणि गेला. साधी माफी नाही!

७ जून
दुरुस्तीला बसले. जुन्या नोंदी उघडल्या. कोणती ओळ कोणी, कधी बदलली ते त्यात राहतं.

हसीबने तपासणी लिहिली होती. पहिल्याच दिवशी. उणे आकडा आला की लाल दिवा आणि दाराला कुलूप.

ती काढलीय १० मेला. आखाजी. पूजा मांडलेली, व्होल्टेज कमी, पंखा फिरेना, लाल दिवा जाईना. शेठ म्हणाले होते, मुहूर्तावर हा लाल नको. शेजारी शेरा आहे — 'पूजेपुरतं बंद, नंतर परत घालणे.'

शेऱ्याखाली नाव दिपमाला. मी.