आईचं मुशीचं तेल

प्रिय मालूताई,

नमस्कार. हे पत्र एकटीच वाच.

आईला सांग, दर्शन डोंबिवलीत मजेत आहे, पोटभर जेवतो. खरं म्हणजे मला कावीळ झालीय. कंपनीत टाक्या धुताना सॉल्व्हंटच्या वाफेने लिव्हर आधीच खराब झालेलं. त्यात ताकद यावी म्हणून आई पाठवते ते मुशी माशाच्या लिव्हरचं तेल मी रोज प्यायलो. डॉक्टर भडकलेच. म्हणाले, तेलातल्या ए व्हिटॅमिनने नुकसान आणखी वाढलं. आता आशा नाही गं.

आईचे गुडघे कसे आहेत? अजून स्वतःच तेल कढवते का?

तिला थांबवू नकोस, कारण विचारेल. बाटल्या येऊ देत, मी बूच काढणार नाही. घ्यायला कुणी नाही म्हणून एखादी परत आली तर तिला काय सांगायचं, ते मात्र आत्ताच ठरवून ठेव.

तुझाच,
दर्शन