नऊ नंबरचं कपाट

३ मार्च, सोमवार
नऊ नंबरच्या कपाटावर चिठ्ठी – ‘रद्द’. वाचनालयाच्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, "काका, दहा वर्षांत ज्यांवर शिक्का पडला नाही, ती पुस्तकं लगद्याला जाणार. पंधराला गाडी येतेय."
"अहो, मी रोज वाचतो की ती."
"इथे बसून वाचता. घरी एकदा तरी नेलंत?"
नाही नेलं. घरी नातीच्या कात्रीची धास्ती. बारा वर्षं खिडकीपाशी बसून बखरी, जुनी पत्रं, आर्या, शब्दांची कुळं सांगणारा तो जाडजूड कोश – सगळं वाचलं आणि निमूट जागेवर ठेवलं. नोंदवहीच्या लेखी कुणीच वाचलं नाही. म्हणजे मारेकरी मीच.

४ मार्च
बाई म्हणतात, शिक्के पडले तर साहेबांशी बोलून बघते. पुस्तकं बावीस, एका कार्डावर दोनच. अकरा कार्डं हवीत!

६ मार्च
जिने चढून गुडघे गेले. सून म्हणाली, "बाबा, निवडणुकीला उभे आहात का?" पण कार्ड दिलं. माझं धरून दहा झाली.

८ मार्च
अकरावं कोपऱ्यावरच्या शिंप्याचं. शाळेत माझ्या मागच्या बाकावर असायचा; कविता म्हणताना नुसते ओठ हलवायचा. त्याच्या वाट्याला कोश आणि एक बखर.
"अण्णा, उशाला बरा आहे रे हा."
"गुरुवारी परत कर. आणि चहाचा कप ठेवू नकोस त्यावर."

११ मार्च
आर्या घरी आणल्यात. मोठ्याने म्हणायला गेलो, तिसरी ओळ आठवेना. पुस्तक न उघडता बसून राहिलो. गुरुजींची पट्टी टेबलावर ताल धरायची, चाळीस गळे एकदम – मग आली ओळ. कपाट गेलं तर पुढच्या वेळी कुठे शोधू?

१३ मार्च, गुरुवार
वीस पुस्तकं परत. एकेकाच्या दारात उभा राहून आणवली. साहेब उद्या बघायला येणार, कपाट भरलेलं दिसायला हवं. शिंपी तेवढा उगवला नाही. दुकानाला कुलूप, बहिणीकडे गेलाय म्हणे. या माणसाने जन्मात एक गोष्ट वेळेवर केली नाही!

१५ मार्च
कपाट रिकामं. फळ्यांवर धुळीच्या चौकटी.
बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. "साहेबांनी शिक्के पाहिलेसुद्धा नाहीत. यादी आधीच मंजूर होती. जागेवर होतं ते गेलं." मग हळूच म्हणाल्या, "लोकांच्या घरात असतं ते उचलता येत नाही, काका."
घरातच होती की. मीच ओढून आणली.
जेवलो नाही. सुनेने दोनदा हाक मारली.

१७ मार्च
शिंप्याचं दुकान उघडं. मशीनवर कपड्याऐवजी कोश. मला बघून म्हणाला, "अण्णा, काज मुळात पोर्तुगीज रे. त्यांच्यात त्याचा अर्थ घर. पन्नास वर्षं मी बटणांना घरं बांधतोय आणि मलाच पत्ता नाही." मग आवाज खाली आणून, "उशीर झालाय, ठाऊक आहे. आणखी चार दिवस ठेवू?"
म्हटलं, परत करू नकोस. कधीच.