तिसऱ्या हाकेला ओ

४ सप्टेंबर २००६, अमरावती

आले बाई एकदाची! ऑफिसच्या मागेच दोन खोल्या, दारात संत्र्याचं झाड, अंगण मोकळं. अलीझा, माझी पाच वर्षांची लेक, आल्याआल्या घरची मालकीणच झाली. काम मनासारखं आहे. गावोगावच्या केंद्रांत कॉम्प्युटरवर एक बोलका प्रोग्राम बसवायचा; खचलेल्या शेतकऱ्याने बटण दाबलं की तो धीर देतो. आधीच्या शफीकभाईंनी सोर्स कोड लिहून ठेवलाय. मी त्यात माझा आवाज भरून ते कंपाइल करायचं, म्हणजे त्या कोडचा चालता प्रोग्राम बनवायचा. शफीकभाईंचा म्हणे घसा बसला, म्हणून ते नोकरी सोडून गेले. हे सांगताना आमचे साहेब खुशालराव टेबलाकडे बघत होते.

झाडलोट करणाऱ्या माणिकबाईंनी अलीझाला बजावलं, तिसऱ्या हाकेबिगर कोनाले ओ देऊ नोको पोरी, भुताले दोनच हाका मारता येते. झालं! आता ही मलाही तीनदा ओरडायला लावते.

९ सप्टेंबर

कंपायलर म्हणजे रुसलेला जावई. एक लायब्ररी फाइल पुरवली की दुसरी मागतो. शेवटी जमलं. आवाज भरताना प्रत्येक शब्द तीनदा म्हणायचा असतो, त्यातला चांगला ठेवता येतो. माइक तपासायला मी अलीझाचंच नाव घेतलं, तेही तीनदा. इन्स्टॉल करून बटण दाबलं आणि माझाच आवाज खोलीभर झाला: धीर सोडू नका, भाऊ. खुशालराव खूश. सीड्या गावोगाव रवाना.

१२ सप्टेंबर

दूधवाल्याला भाऊ म्हणायला गेले, तोंडातून नुसती हवा. भरलेले शब्द एकेक करून जाताहेत. डॉक्टर म्हणतात घसा ठणठणीत आहे. आणि आज अलीझाला हाक मारली तर— तिचं नावच येत नाही. मला फार भीती वाटतेय.

१५ सप्टेंबर

माझा आवाज काढून टाकून पुन्हा कंपाइल केलं. मध्येच अडलं. पडद्यावर एकच ओळ: अलीझाची ओ मिळाली नाही.

कोडमध्ये असं काहीही नाही. सगळं शोधलं.

शफीकभाईंच्या घरी धावले. ते मुके झालेत. त्यांचा मुलगा फुरकानही. कागदावर लिहून दिलं त्यांनी: मशीनने माझ्या आवाजात हाक मारली, पोराने ओ दिली, तेव्हापासून त्याचाही आवाज गेला. खुशालरावांना ठाऊक आहे.

ठाऊक होतं!

१६ सप्टेंबर, अकोला

मशीन फोडून माहेरी पळून आले; इथले सगळे लग्नाला परगावी गेलेत. आता एकही शब्द उरला नाही. लेकीला वाचता येत नाही, सांगू कसं? मी मान हलवते, नको, नको. तिला तो खेळ वाटतो.

१७ सप्टेंबर

गल्लीसमोरच केंद्र. तीच सीडी— मला माहीत नव्हतं—

घरात आम्ही दोघीच.

खिडकीतून माझा आवाज. अलीझा.

किती हरखली ती. इतक्या दिवसांनी अम्मी बोलली. मांडीवर आवळून धरलंय, डाव्या हाताने तिचं तोंड— जो कोणी वाचेल त्याने त्या सीड्या—

दुसरी.

या अल्ला, माझी लेक बोलती राहू दे

हात चावला तिने. रक्त. धडपडतेय— मी ओरडू शकत नाही—

तिसरी हाक. माझ्याकडे बघून हसली. आता तिची खात्री पटली, ही भूत नाही, अम्मीच

निसटली— दाराशी— तिने ओ