दुसऱ्या खेळाडूचं सॉकेट

रविवार, १४ नोव्हेंबर
सकाळचे साडेदहा

प्रिय दादा,

नमस्कार. सप्टेंबरात फोनवर तुझ्या मागे वहिनी खोकत होती, ती आता बरी असेल. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. पाकिटावर माझं अक्षर पाहून काहीतरी बिनसलंय असं तुला वाटलं असेल. म्हणून आधी इकडचं तिकडचं लिहिते.

मी अजून त्याच दुरुस्तीच्या दुकानात आहे. पंखे, मिक्सर, इस्त्र्या. मालकांना हल्ली कमी ऐकू येतं. दुरुस्त केलेला पंखा आवाज करतो का, हे ते मला विचारतात आणि गिऱ्हाईकाला मात्र छातीठोकपणे सांगतात, "अजिबात नाही!"

आईचा जुना कॉम्प्युटर तुला आठवतो ना? तिची टायपिंगची शिकवणी बंद पडली तेव्हा घेतलेला, कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र असलेला, टीव्हीला जोडायचा. फेब्रुवारीत अर्धांगाच्या झटक्याने आईची उजवी बाजू गेली, त्यानंतर ती खुर्चीला खिळली. बोलणं शाबूत होतं, पण बोलायची नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "यांना आवडेल असं काहीतरी हातात द्या." आई म्हणाली, "माळ्यावरचा कॉम्प्युटर काढ."

काढला. दोन दिवस साफ करत बसले, आतला एक भाग बदलला, आणि निळा पडदा उजळला तेव्हा आई कितीतरी दिवसांनी हसली. जॉयस्टिक एकच शिल्लक होती, टेबलाला चिकटणारी. ती डाव्या हाताने चालवायची. खेळ अर्थातच होडीचा. एक डाव पहिल्या खेळाडूचा, एक दुसऱ्याचा. घोळ असा, की पहिल्याची जॉयस्टिक एका सॉकेटात लागते आणि दुसऱ्याची शेजारच्या. प्रत्येक डावाला मागून प्लग उपटायचा आणि पलीकडे खोचायचा. एका हाताने ते जमेना. मी दुकानात असले की खेळ दुसऱ्याच्या डावावर अडून राहायचा.

"एकटीचा खेळ लाव ना," मी म्हणाले.

"एकटीने काय खेळायचं?"

"मग मी खेळते तुझ्याबरोबर."

"तुला येत नाही गं. तू लगेच होडी बुडवतेस."

खरंच होतं ते. तू आणि आई खेळायचात आणि मी शेंडेफळ मध्ये लुडबुडायचे. तरी लागलं मला.

ऑगस्टमध्ये मी तिला एक स्विच करून दिला. भंगारातल्या रेडिओचा बँड बदलायचा खटका घेतला, कारण त्यात एका फिरकीसरशी पाच तारा इकडून तिकडे जातात. चार दिशांच्या चार, बटणाची एक. सहावी दोन्हीकडे सामाईकच. सुटे भाग ठेवायच्या प्लास्टिकच्या डबीत तो बसवला, डबीतून दोन केबली काढून दोन्ही सॉकेटांत कायमच्या लावल्या. पहिल्या दिवशी डावं-उजवं उलटं झालं. आई म्हणाली, "होडी दारू प्यायली वाटतं!" दोन तारा बदलून पुन्हा कथलाचे डाग दिले. मग झकास चाललं. मला वाटलं, चला, आपल्या हाताने तिच्यासाठी काहीतरी झालं.

एकदा मी दुपारी लवकर घरी आले. दाराशीच आईचा आवाज ऐकू आला. आधी वाटलं, कुणी आलंय. ती खटका फिरवत होती आणि म्हणत होती, "चल थोरल्या, तुझा डाव. सांभाळून, पुढे खडक आहे." तुझा डाव ती स्वतःच्या डावापेक्षा मन लावून खेळत होती. संपल्यावर मला म्हणाली, "आज तोच जिंकला."

दादा, मी तिला अंघोळ घालत होते, भरवत होते, कूस बदलून देत होते. तिने जिंकवलं तुला. सहा वर्षांपूर्वी तू तिला न्यायला आलास तेव्हा "आई काय सामान आहे का, उचलून न्यायला?" असं मी तुला तोडून बोलले होते. "मग सांभाळ एकटीच," म्हणून तू गेलास. त्याचीच अढी माझ्या मनात घट्ट बसली होती. आजारपणात ती कितीदा म्हणाली, "लाव की त्याला फोन." मी म्हणायचे, "लागत नाही गं." एकदाही लावला नव्हता.

त्या दुपारनंतर आठवड्याने तुझा फोन आला. तू म्हणालास, "आईला दे ना." आई आत जागी होती. मी म्हणाले, "ती तुझ्याशी बोलायचं नाही म्हणते."

तू म्हणालास, "बरं."

आतून आईने विचारलं, "कोण होतं गं?"

"राँग नंबर."

"बरं," ती म्हणाली. अगदी तुझ्याच आवाजात. त्यानंतर तिने तुला फोन लावायला मला कधीही सांगितलं नाही. तिला कळलं होतं का? मी विचारलं नाही. विचारायचं धाडसच झालं नाही.

आता लिहायलाच हवं. २४ ऑक्टोबरला सकाळी आई गेली. झटका पुन्हा आला, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आज एकवीस दिवस झाले. पहिल्याच तासाला तुझा नंबर काढला होता. पण ती गेली हे सांगितलं असतं, तर तू पहिला प्रश्न तिच्या रागाचाच विचारला असतास. म्हणून नंबर लावलाच नाही. तुझ्या वाट्याचं तिचं शेवटचं दर्शनसुद्धा मी असंच गिळून टाकलं.

ती तुझ्यावर रागावली नव्हती. एक दिवसही नाही. हे एवढं वाक्य पुन्हा वाच, बाकी पत्र फाडलंस तरी चालेल.

माफी मागत नाही. ये, एवढंही म्हणायचा मला हक्क उरलेला नाही. पण घर तुझंही आहे. तू यायचं ठरवलंस, तर तेवढे दिवस मी मालकांच्या बहिणीकडे जाऊन राहीन. माझं तोंड पाहावं लागणार नाही.

तुझी आणि आईची गाठ पडू न देणारी,
तुझी धाकटी