स्थिर हाताचा माणूस

मोरिता सान,

मुद्दाम मराठीत लिहितोय, म्हणजे पाठवायचा मोह होणार नाही.

कोविडने ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद झाल्या, तुम्ही ओसाकात अडकलात आणि वॉलॉंगॉंगच्या आपल्या फुटबॉल टीमचा सराव मी घेतला. मी फोन धरायचो, तुम्ही व्हिडिओ कॉलवर पाहत होतात. बचावात तिघेच ठेवायचे, हे मी ठरवलं. तुम्ही नको म्हणालात. तरी ठेवले आणि फायनल जिंकलो. काल तुमच्या मुलाखतीत तो तुमचा डाव झाला. माझ्याबद्दल एवढंच, "यतिन फोन फार स्थिर धरतो." पोरं मला शाबासकी देत ओरडली, "गुड ऑन या, कॅमेरामन!"

तुम्ही जपानच्या लीगमध्ये खेळलात, मी पुस्तकं वाचून शिकलो. असो.

शेजारच्या क्लबला कोच हवाय. अर्ज केलाय. माझ्या कामाची खात्री द्यायला तुमच्याशिवाय कोणाचं नाव देणार? ते विचारतील, तेव्हा खरं सांगाल?

यतिन दामले
सहप्रशिक्षक (पद तुम्हीच दिलं होतंत)