खोक्याचं लाकूड

बाबा, तुम्ही गेलात त्याला वर्षं लोटली, माझा राग मात्र जागचा हललेला नाही. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. जित्या लेकीला चारचौघांत नावं ठेवावीत, हे कुठे लिहिलंय तेही मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

सोनाळा गावातला तो दिवस. गिऱ्हाइकाच्या नव्या घरात आतल्या खोलीच्या दाराला मी आपल्या वखारीतून पाइनची चौकट दिली होती. हळदकुंकू लावून, नारळ फोडून चौकट उभी राहतेय आणि तुम्ही मोटारसायकलवरून उतरताय. "काढा बे ते. खोक्याचं लाकूड हाय. पोरीले काय समजते लाकडातलं?" पूजा झालेली चौकट तुम्ही उपटायला लावलीत आणि तिथे आपला साग फुकट उभा केलात. घरमालकीण ताट हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. तुमच्या जळगाव जामोदच्या वखारीत माझ्या शब्दाला किंमत असावी, एवढंच मला हवं होतं. ती मिळणार नाही हे तिथे कळलं.

त्याआधी भाकरी वाढता वाढता कितीदा तरी समजावलं होतं. न्यूझीलंडचा पाइन झटपट वाढलेला, रुंद रेषांचा, ओलसर. पूर्वी आपल्या भागात सगळा तोच यायचा. मग जर्मनीत भुंग्याने जंगलं पोखरली, तिथे झाडं भराभर तोडावी लागली, आणि थंडीत सावकाश वाढलेला, भट्टीत वाळवलेला माल आपल्यालाही परवडू लागला. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, सगळं पांढरं लाकूड एका दावणीला बांधू नका, म्हटलं. तुम्ही ठेच्याचं बोट चाटत म्हणालात, "दोन देशांचं काऊन सांगून राह्यली मले? मले सातपुडा पुरते."

मग मी रस्त्यापलीकडे, तुमच्या अगदी समोर, पत्र्याची शेड टाकली. तुम्ही तिकडे पाठ करून खुर्ची मांडू लागलात. तुमच्या वखारीवर मात्र कधीच छप्पर नव्हतं. सागाले पाणी काय करते, हा तुमचा तोरा.

तुम्ही गेलात ते श्रावणात, झड लागलेली असताना. तुमचा साग चिंब, गावातलं बाभूळ आणि कडुनिंब चिंब. काका माझ्या दारात येऊन खाली मान घालून म्हणाले, "पोरी, तुह्या शेडमंदी सरणाले कोरडं हाय का काही?" मी हो म्हटलं. खोक्याच्या लाकडावर जाणार होतात तुम्ही, आणि लपवत नाही, त्या क्षणी मला बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं नाही.

आता जर्मनीचा माल आटलाय. पुन्हा न्यूझीलंडचंच जास्त येतं, आणि जुनी गिऱ्हाइकं विचारतात, पहिल्यासारखं काऊन नाही. मी त्यांना भुंग्याची गोष्ट सांगते. ते ऐकून घेतात, तुम्ही घेतली नव्हतीत.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, तुम्ही चुकाच काढल्या असत्या. फक्त एक सांगते. तुम्ही गेलात त्या दिवशी सरणासाठी ट्रॅक्टर भरताना न्यूझीलंडचं लाकूड दारातच रचलेलं होतं, मी तेच भरा म्हणणार होते. म्हटलं नाही. आत जाऊन ताडपत्री ओढली आणि मागचं जर्मन काढून दिलं, एकेक फळी बघून, बिनगाठीचं.